डाव्या दंडावरचा बिल्ला

सुज्ञ वाचकहो, या कथेत मी एका वृद्धाच्या दंडावर बसविलेल्या, नाण्याएवढ्या एका यंत्राची हकीकत सांगणार आहे. या यंत्राने आरंभी एका माणसाचा प्राण वाचविला. पुढे त्याच यंत्राने त्याच माणसाविरुद्ध एक निवाडा दिला, आणि तो निवाडा घरातील सर्वांस, ज्याच्याविरुद्ध दिला त्यासही, खरा वाटला. कथा येणाऱ्या काळातील आहे, तो काळ फार दूर नाही. तीत जे शास्त्र येईल ते माझ्या अल्पमतीस जेवढे उमगले तेवढे प्रामाणिकपणे मांडीन. शास्त्र थोडके आहे, माणसेही थोडकी आहेत. तरी वाचकांनी शांत चित्ताने ही कथा वाचावी, अशी प्रार्थना करून मी आरंभ करतो.

इचलकरंजी शहरी, जुन्या मागांच्या पत्र्याच्या शेडांमागे असलेल्या एका गल्लीत, मुरारी बुगड नावाचे गृहस्थ राहत असत. त्यांचे सारे आयुष्य जॉबर म्हणून, अर्थात बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेले होते. पुढे खटखट करीत आडवे सूत फेकणाऱ्या धोट्याचे माग भंगारात गेले, त्यांच्या जागी आवाज न करणारी यंत्रे आली आणि मुरारीअण्णा घरी बसले. पत्नी शेवंता निवर्तली होती. घरात मुलगा संकेत, सून ऋतुजा आणि त्या दोघांची दीड वर्षांची कन्या ओवी. संकेत कारखान्यात पाळीवर जाई, ऋतुजा कपड्यांच्या कंपनीत तपासनीस होती. म्हणून दिवसभर ओवी आज्जाजवळ असे, किंवा आज्जा ओवीजवळ असे म्हटले तरी चालेल.

अण्णांना मधुमेह होता. सकाळी इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. त्या काळी मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या दंडावर सरकारी दवाखान्यातून एक वाटोळे, चपटे यंत्र चिकटविले जात असे. लोक त्याला बिल्ला म्हणत.

बिल्ला बसविण्याच्या दिवशी परिचारिकेने विचारले, "आजोबा, कुठल्या हातावर लावू?"

"उजवा रिकामा न्हाई," अण्णा म्हणाले.

उजव्या दंडावर काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची पेटी होती. तिच्यात जोतिबाचा अंगारा होता. अण्णांच्या तरुणपणी मागावरचा धोटा उडून त्यांच्या कपाळावर बसला होता, डोळा थोडक्यात वाचला. त्या दिवशी शेवंताने ती पेटी स्वतःच्या हाताने बांधली आणि बजावले, "ह्यो दंड कधी रिकामा ठेवायचा न्हाई." तेव्हापासून तो दंड रिकामा राहिला नव्हता.

"अण्णा, पेटी काढून ठेवा की दोन दिवस," संकेत म्हणाला.

"तुझ्या आईनं बांधल्याली हाय. डावा हात काय देवानं उगंच दिलाय व्हय?"

परिचारिका हसली आणि बिल्ला डाव्या दंडावर बसला. एवढ्या साध्या गोष्टीत या कथेचे बीज आहे, हे त्या दिवशी कोणास ठाऊक नव्हते.

आता शास्त्राकडे वळतो. मनुष्याचे रक्त नलिकांतून वाहते, हे आपण शाळेत शिकलो. परंतु मांसातील प्रत्येक कणापर्यंत नलिका पोहोचत नाही. नलिकांतून साखर पाझरते आणि कणांच्या भोवती जे थोडेसे पाणी असते त्यात उतरते. बिल्ल्याच्या पोटातून निघणारी केसासारखी तार रक्तात नसते, या पाण्यात बुडालेली असते. विहिरीचे पाणी पाटाने वाहत शेतातील सरीत जाते, त्याप्रमाणे. बिल्ला विहिरीत डोकावत नाही. तो सरीतले पाणी पाहतो आणि विहिरीचा अंदाज सांगतो. विहिरीतून सोडलेले पाणी सरीत पोहोचण्यास काही अवधी लागतो, म्हणून बिल्ल्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागून चालतो. आकड्याशेजारी एक बाण असतो. माणूस कोठे उभा आहे ते आकडा सांगतो, आणि तो कोणत्या दिशेस निघाला आहे ते बाण सांगतो.

हे आकडे वाचण्यासाठी फोनमध्ये एक बुद्धिमान यंत्रणा असे. तिचा आवाज स्त्रीचा होता आणि नाव होते सखी. सखी केवळ आकडा सांगून थांबत नसे, ती त्याचा अर्थही लावीत असे. माणूस चालतो आहे की निजला आहे, श्रम करतो आहे की बसला आहे, हे ती हालचालीवरून ओळखी, आणि आकडा घरच्या सर्वांस कळवी. बोट टोचून रक्त तपासण्याची जुनी यंत्रे लोकांनी केव्हाच अडगळीत टाकली होती.

सखीवर अण्णांचा विश्वास बसला त्यालाही कारण घडले. एके सकाळी सुई घेऊन झाली आणि नळाला पाणी आले. भाकरी खाण्याचे राहून अण्णा घागरी भरू लागले. तोच फोन किंचाळला, "साखर वेगाने खाली जात आहे. ताबडतोब गोड खा." अण्णांना दरदरून घाम फुटला होता, समोरची भिंत हलत होती. शेजारचा हसन मुजावर, जो एके काळी त्यांच्याच शेडात माग चालवीत असे, धावत आला आणि त्याने मूठभर साखर त्यांच्या तोंडात कोंबली.

"मरायचंच हुतं तर आधी सांगायचं," हसन म्हणाला, "साखर वाया घालवली नसती."

अण्णा हसले, पण त्या दिवसापासून त्यांनी मनोमन ठरविले की ही बाई खोटे बोलत नाही. वाचकहो, ती त्या दिवशी खरोखरच खोटे बोलली नव्हती.

ओवी दुपारी निजे ती एकाच रीतीने. अण्णा भिंतीला पाठ टेकून मांडी घालून बसत. ओवीचे डोके डाव्या दंडावर, पाय मांडीत. उजवा हात थोपटायला मोकळा. उजवीकडे तिला घेता येत नसे, कारण पेटीची कड तिच्या कानाला टोचे. मग अण्णा मागेपुढे झुलत तोंडाने धोट्याचा आवाज काढीत, "खटक-फटक, खटक-फटक." शहरातले माग मुके झाले होते; ते एवढ्या एका मांडीवर अजून चालत होते. त्या तालावर ओवीचे डोळे जड होत.

आणि बहुधा तेव्हाच फोन ओरडे.

"साखर अठ्ठावन्न. बाण खाली. ताबडतोब गोड खा."

अण्णा दचकत. ओवी दचके. कोनाड्यातला गुळाचा खडा अण्णा उजव्या हाताने ओढून तोंडात टाकीत. लगोलग ऋतुजाचा फोन येई. ती सासऱ्यांना मामा म्हणे.

"मामा, अठ्ठावन्न!"

"खाल्ला गं गूळ, खाल्ला."

"अजून खा. ओवी कुठाय? खाली ठेवा तिला आधी."

थोड्या वेळाने संकेतचा फोन येई, "अण्णा, आता दोनशे चाळीस कसं झालं?"

"आरं, गूळ खाल्ला न्हवं!"

पूर्वी ऋतुजाचा फोन "मामा, जेवला का?" या शब्दांनी सुरू होई. आता तो आकड्याने सुरू होई आणि आकड्यानेच संपे. जेवणाचे विचारायचे राहून जाई, कारण सखी तेही कळवीत असे.

हे वारंवार घडू लागले. सखी ओरडली की अण्णांचा हात थरथरे, डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखे वाटे. मनुष्याचे मन असे आहे की अधिकारवाणीने कोणी "तू आजारी आहेस" म्हटले तर अंग आपोआप त्याला दुजोरा देते. गुळाने साखर वर जाई ती मात्र खरोखरची, आणि वर गेलेली साखर पाहून सखी संध्याकाळी त्यांना भाकरी कमी खाण्यास सांगे. असे ते म्हातारे अंग वरखाली होत राहिले.

एका संध्याकाळी सखीने संपूर्ण कुटुंबास एकत्र बोलाविले. फोन मध्ये ठेवून सर्वजण बसले.

"मागील नोंदींचा अभ्यास केला आहे," सखी म्हणाली. तिचा आवाज मृदू होता. "बाळाला सांभाळण्याच्या वेळेत मुरारी यांची साखर वारंवार धोक्याच्या पातळीखाली जाते. बाळाला झुलवताना होणारे श्रम हे त्याचे संभाव्य कारण आहे. त्यांनी बाळाजवळ एकट्याने राहू नये, असा सल्ला आहे."

ओवी फोनवर चढून बसण्याच्या खटपटीत होती.

"श्रम कसलं? मी पन्नास किलोचं सुताचं बीम उचलल्यालं हाय," अण्णा म्हणाले.

"तेव्हा, अण्णा. आता न्हाई," संकेत हळूच म्हणाला.

ऋतुजा मान खाली घालून बसली होती. ती मिरजेची, बोलण्यात नेहमी नेमकी. पण आज तिचे शब्द अडखळले. "मामा, मला तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण तुम्हाला चक्कर आली, तुम्ही पडलात, आणि बाळ अंगाखाली आलं तर? मी मशीनपाशी उभी असते आणि डोळ्यांसमोर फक्त तेवढंच येतं."

अण्णांनी ओवीकडे पाहिले. ते चित्र त्यांच्याही डोळ्यांसमोर आले. ते ज्या क्षणी आले, त्या क्षणी त्यांच्या बाजूचा वाद संपला.

"न्या तिला," ते म्हणाले. "कंपनीत पाळणाघर हाय न्हवं? न्या."

दुसऱ्या सकाळपासून ओवी आईबरोबर जाऊ लागली. जाताना ती दाराची चौकट धरून "आज्जा, खटक!" असे ओरडे. अण्णा आत जाऊन उगाचच भांडी लावीत.

आणि वाचकहो, पुढचे ऐका. ओवी पाळणाघरात गेली आणि अण्णांची साखर खाली जाणे थांबले. एकदाही फोन किंचाळला नाही. संकेतने आनंदाने फोन पुढे धरला. "बघा अण्णा, रेघ कशी सरळ झालीया! सखीचं बरोबर हुतं."

रेघ खरोखर सरळ होती. अण्णा तिच्याकडे पाहत राहिले. ज्याच्या विरोधात निवाडा झाला, त्याच्या स्वतःच्या देहाने न्यायाधीशाची बाजू घेतली होती. आता अपील कोणाकडे करायचे?

दुपारी हसन पत्त्यांचा जोड घेऊन येई.

"तुझा हात मोकळा झाला आता. पिस पत्ते."

"मोकळा झालाय म्हणूनच जड झालाय, हसन."

"लई शायर होऊ नको. पान टाक." हसनने दोन डाव जिंकले, मग पत्ते खाली ठेवले. "एक विचारू? त्या वक्ताला तुला चक्कर यायची का खरंच?"

"यायची की. बाई वरडली की यायची."

"वरडल्यावर यायची, का वरडायच्या आधी?"

अण्णांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी आपल्या अंगाला विचारण्याचे केव्हाच सोडून दिले होते.

हसनलाही मधुमेह होता आणि तोही बिल्ला वापरीत असे, परंतु त्याचबरोबर बोट टोचण्याचे जुने यंत्रही बाळगून होता. त्याच्या पट्ट्या तो मुलाकडून कोल्हापूरहून मागवी. गल्लीतले लोक त्याला हसत. तो म्हणे, "माझं रगत मला दिसल्याबिगार माझं समाधान हुईत न्हाई. तुमाला काय त्रास?"

एका रविवारी सर्वजण घरी होते. ओवीला सुळे येत होते आणि ती सकाळपासून किरकिरत होती. आईने घेतले, बापाने खांद्यावर नाचविले, तिचे रडे थांबेना. दुपारी ती रांगत, उठत, पडत अण्णांच्या मांडीपाशी आली आणि डाव्या दंडाला लटकली.

अण्णांनी हात आकसून घेतला. "ऋतुजा, घे गं हिला."

ऋतुजाने क्षणभर विचार केला. "घ्या मामा. मी समोर बसलेय ना."

"नको. बाई वरडंल."

"ओरडू दे. मी आहे."

अण्णांनी नातीला घेतले. अपराधी माणूस हाती काही घेतो तसे भीत भीत. पण ओवीचे डोके दंडावर आले आणि तिने एक लांब सुस्कारा सोडला. "खटक-फटक, खटक-फटक." ते झुलू लागले. ओवीचे डोळे मिटत आले. ऋतुजा समोर बसून सासऱ्यांचा चेहरा निरखीत होती. चेहरा शांत होता. कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"साखर एकसष्ट. बाण खाली. ताबडतोब गोड खा."

ओवी किंचाळून जागी झाली. ऋतुजा झटकन उठली, कोनाड्यातला गूळ फोडून तिने खडा अण्णांच्या हाती दिला. अण्णा तो तोंडाकडे नेत होते, तोच ओवीने झडप घातली आणि सबंध खडा स्वतःच्या तोंडात कोंबला.

"अगं, घशात अडकेल!" ऋतुजाने तिला उचलून घेतले आणि बोट घालून गूळ काढू लागली. ओवी ओठ घट्ट मिटून लढू लागली. "संकेत, साखर आण लवकर, मामांसाठी!"

संकेत स्वयंपाकघरात धावला. डब्याचे झाकण निघेना. त्याने ते चिमट्याने उचकटण्यास आरंभ केला. इकडे ऋतुजाने अर्धा गूळ बाहेर काढला, अर्धा ओवीने गिळला. या गडबडीत काही मिनिटे गेली. संकेत वाटीत साखर घेऊन बाहेर आला, तोच सखी बोलली.

"साखर ब्याण्णव. बाण वर. छान. वेळेवर गोड खाल्ल्याबद्दल अभिनंदन."

ऋतुजा ओवीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. मग अगदी सावकाश म्हणाली, "मामा, तुम्ही गूळ खाल्लात?"

"कवा? ह्या बाईसाहेबांनी खाल्ला की."

"काहीच खाल्लं नाहीत?"

अण्णांनी लहान मुलासारखे तोंड उघडून दाखविले. आत गूळ नव्हता.

"मग अभिनंदन कुणाचं करतेय ही?" ऋतुजा म्हणाली.

"शरीर आपलं आपण वर आणत असंल," संकेत म्हणाला. त्याच्या हातात साखरेची वाटी तशीच होती.

"असेल. मामा, हिला परत घ्या."

"आगं, परत खाली जाईल."

"तेच बघायचंय."

ओवी पुन्हा दंडावर आली. फोन ऋतुजाने आपल्या हाती धरला. आकडा काही काळ स्थिर राहिला, मग उतरू लागला. बाण खाली वळला. ऋतुजाने ओवीला उचलले. आकडा चढला. पुन्हा दिले, उतरला. कंपनीत सदोष शिवण शोधण्यासाठी ती जसा एकच टाका पुनःपुन्हा ओढून पाही, तसे तिचे चालले होते. शेवटी तिने ओवीला संकेतकडे दिले आणि अण्णांच्या दंडावरील बिल्ला आपल्या तळव्याखाली घट्ट दाबून धरला. बाळ नाही, झुलणे नाही, श्रम नाहीत. अण्णा निश्चल बसले होते.

आकडा खाली आला.

"साखर सत्तावन्न. ताबडतोब गोड खा."

"संकेत, हसनचाचांना बोलाव. ते त्यांचं बोट टोचायचं यंत्र घेऊन."

हसन आला तो अंगातल्या बंडीवरच. ऋतुजाने हात बिल्ल्यावरून काढला नव्हता. त्याने अण्णांचे बोट पुसले, टोचले, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. सर्वांची मस्तके त्या जुन्या, लहानशा यंत्रावर वाकली. आकडा उमटला, एकशे अडतीस.

फोनवर सत्तावन्न. बोटात एकशे अडतीस.

"आता ह्यातला कंचा मुरारी खरा?" हसन म्हणाला.

"बोटातला," ऋतुजा म्हणाली आणि तिने हात काढला. तिच्या तळव्यावर बिल्ल्याचा गोल वळ उठला होता. ती त्याच्याकडे पाहत खाली बसली आणि पदराने तोंड झाकून घेतले.

वाचकहो, मघाशी मी विहिरीचा आणि सरीचा दाखला दिला होता. वाटेत पाट अडवून कोणी बसले तर विहीर काठोकाठ भरलेली असूनही सरी कोरडी पडते. नातीचे डोके दंडावर दाबले गेले की बिल्ल्याखालील नलिका मिटत, तेथील पाणी बाजूस सारले जाई आणि नवी साखर तेथे पोहोचत नसे. तार तेवढ्या जागेपुरते जे खरे तेच सांगत होती. ज्यांनी हे यंत्र घडविले त्या विद्वानांना ही गोष्ट अगदी अज्ञात होती असेही नाही. झोपेत कुशीवर वळलेल्या माणसाचा दंड दबतो आणि आकडा खोटा पडतो, हे त्यांना माहीत होते. म्हणून निजलेल्या माणसाच्या अशा आकड्यावर सखी दोनदा विचार करी. परंतु अण्णा निजलेले नव्हते. ते बसून झुलत होते, आणि झुलणे म्हणजे श्रम, असे सखीने धरले. निजलेल्या माणसाचा विचार तिला शिकविला होता. निजविणाऱ्या माणसाचा शिकविला नव्हता.

आणि ओवी पाळणाघरात गेल्यावर रेघ सरळ झाली, तीही खरीच होती. दंडावर डोकेच उरले नव्हते. पुरावा खरा होता, परंतु अर्थ चुकला होता.

सायंकाळी दवाखान्यातील डॉक्टर अलका खोत यांना फोन लावला. त्यांनी सर्व ऐकून घेतले. "आजोबा, आकडा आणि अंग जुळत नसलं की बोट टोचून बघायचं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

"न्हाई, मॅडम."

"आम्हीच सांगायला हवं होतं. मी या आकड्यांवरून उद्या तुमचं इन्सुलिन कमी करणार होते." त्या पुढे म्हणाल्या, "पण एक लक्षात ठेवा. घाम, थरथर, डोकं हलकं होणं, यातलं काही झालं तर यंत्राची वाट बघू नका. आधी साखर खा, मग तपासा. खोटा आकडा सापडला म्हणून खऱ्याला खोटं म्हणू नका. आणि बिल्ला दुसऱ्या दंडावर घ्या."

फोन बंद झाला. दुसरा दंड म्हणजे उजवा.

संकेत म्हणाला, "अण्णा, राहू दे. आपण ओवीला दुसऱ्या कशानं तरी निजवू."

अण्णा उठून दाराशी गेले, बराच वेळ बाहेरच्या बंद शेडांकडे पाहत राहिले. मग परत येऊन ऋतुजासमोर बसले आणि त्यांनी उजवी बाही वर केली.

"सोड ही गाठ."

"मामा, सासूबाईंनी बांधलेली..."

"म्हणूनच तुला सांगतुया."

गाठ वर्षानुवर्षांच्या घामाने दगडासारखी झाली होती. ऋतुजाने सुईने एकेक पदर सैल केला. दोरा सुटला तेव्हा खाली त्वचेवर पांढरा पट्टा दिसला. तेवढ्या जागेवर कैक वर्षांत ऊन पडले नव्हते. अण्णांनी पेटी तळहातावर घेतली. संकेतने बिल्ल्याचे नवे पाकीट फोडले आणि त्या पांढऱ्या पट्ट्याच्या किंचित वर बिल्ला बसविला.

अण्णा त्याच्याकडे पाहून हळूच म्हणाले, "शेवंते, दंड रिकामा ठेवल्याला न्हाई बघ."

आता सखीचे राहिले होते. ऋतुजाने फोन हाती घेतला. "सखी, उद्यापासून ओवी आजोबांजवळ राहणार आहे."

"हा निर्णय दिलेल्या सल्ल्याच्या विरुद्ध आहे," सखी मृदू आवाजात म्हणाली. "मागील नोंदींनुसार धोका अधिक आहे."

"मागच्या नोंदी चुकीच्या होत्या."

"नोंदी बदलता येत नाहीत. सल्ला नाकारल्यास बाळाच्या सुरक्षिततेची जबाबदारी तुमची राहील. मान्य आहे का?"

ऋतुजाने वर पाहिले. समोर अण्णा होते. पाळणाघराच्या निर्णयाच्या दिवशी जे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आले होते, ते आताही आले असेल. आईच्या डोळ्यांसमोरून अशी चित्रे कायमची जात नसतात.

"मामा," ती म्हणाली, "तुम्हाला कसं वाटतंय?"

कित्येक दिवसांनी अण्णांनी आपल्या अंगाला विचारले. हात पाहिले, डोळे मिटून उघडले, छातीवर हात ठेवला.

"बरा हाय मी," ते म्हणाले. "आणि नसंन तवा सांगीन. आधी बाळ खाली ठिवीन, मग साखर खाईन, मग तुला फोन. माझी जबान हाय."

ऋतुजा फोनकडे वळली. "मान्य."

हसन दारातून म्हणाला, "आनी माझं यंत्र हितंच ऱ्हाऊ दे. पट्ट्या मोफत न्हाईत म्हणावं."

"तुझ्या पट्ट्या तुझ्या गळ्यात बांधीन," अण्णा म्हणाले, आणि घरात कितीतरी दिवसांनी सर्वजण एकदम हसले.

दुसऱ्या दिवशी ओवीच्या पाळण्याच्या कडीला चांदीची पेटी बांधलेली होती. मात्र ओवीस पाळण्यात निजणे अर्थातच मान्य नव्हते. दुपारी ती आपल्या ठरल्या जागी आली. डोके डाव्या दंडावर, पाय मांडीत. अण्णा उजव्या हाताने थोपटू लागले. "खटक-फटक, खटक-फटक." त्यांचे एक मन कोनाड्यातील फोनकडे लागले होते. ओवीचे डोळे जड झाले. मग मिटले. फोन गप्प होता. डाव्या दंडावर जुन्या बिल्ल्याचा पुसट गोल उरला होता, त्यावर तिचा घामेजला गाल निवांत टेकला होता.

आणि मग फोन वाजला. अण्णांनी उजवा हात सावकाश लांबवून तो उचलला, आणि आकड्याची वाट पाहू लागले.

पलीकडून ऋतुजा म्हणाली, "मामा, जेवला का?"

येथे ही कथा पुरी झाली. शास्त्राच्या कथनात काही न्यून राहिले असल्यास ते माझे समजावे. यंत्रे आपले भले करण्यास आली आहेत, हे मी जाणतो आणि मानतो; परंतु ज्याच्या दंडावर यंत्र आहे त्यालाही दिवसातून एकदा विचारावे, एवढीच माझी नम्र विनंती. आपण आपला अमूल्य वेळ देऊन ही कथा शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
बाळगोंडा आदगोंडा हेरवाडे